तरंगत्या बेटाखालची मुळं

हैदराबादच्या नेकनामपूर तलावात २०१८ साली जवळजवळ तीन हजार चौरस फुटांचं एक बेट सोडलं गेलं. तळाला बांबू, वर थर्माकोल, त्यावर गोणपाट आणि खडी. त्यात वाळा, कर्दळ, पाणकणीस अशी साडेतीन हजारांच्या आसपास रोपं. माती अजिबात नाही. (थर्माकोल मात्र मला खटकतो, उन्हापावसात त्याचे मणी सुटून पाण्यातच जातात.) काठावरून ही बाग वाटते, पण तळ्याचं पाणी साफ करण्याचं खरं काम पाण्याखाली चालतं.

तळं हिरवंगार होतं ते सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. रात्री जिवंत शेवाळही प्राणवायूच वापरतं. म्हणून मेलेले मासे बहुधा पहाटे तरंगताना दिसतात.

बेट काठाला ओढून एक रोप उचललं, की खाली मुळांची दाट झालर लोंबते. बोटांत धरली तर बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजे जिवाणूंचा थर. गढूळपणा आणणारे बारीक कण त्याला चिकटतात, जड झाले की तळाशी बसतात. थराच्या बाहेरच्या अंगाला प्राणवायू मिळतो. तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. आत प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो.

फॉस्फरसला अशी हवेची वाट नाही. तो पानाखोडात साठतो आणि पान पाण्यात कुजलं की पुन्हा तळ्यातच येतो. जलपर्णीही हीच द्रव्यं शोषते, पण ती पसरत जाऊन सगळं तळं झाकते आणि जागच्या जागी कुजते. बेटाला कडा असते, कापणी करता येते. ती केली नाही, तर निम्मं काम वाया गेलं. म्हणून बेट सोडायला किती लोक जमले यापेक्षा वर्षभराने विळा घेऊन कोण उतरतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि नाला थेट तळ्यात येत असेल तर आधी तो अडवायला हवा. कितीही बेटं सोडली तरी तेवढा मैला त्यांना पेलत नाही.

कापलेला पाला काठावर रचू नये, पहिल्याच पावसात त्यातला फॉस्फरस परत पाण्यात उतरतो. लांब नेऊन त्याचं खत करावं. तळ्यात कारखान्याचं पाणी येत असेल तर ते खत भाजीपाल्याला घालू नये, मुळांनी जड धातूही ओढलेले असू शकतात.