विभागीय आयुक्त, मराठवाडा

छत्रपती संभाजीनगर महसूल विभागाचे प्रमुख. मराठवाड्यातले आठही जिल्हे आणि ७६ तालुके त्यांच्या अखत्यारीत येतात. जिल्हाधिकारी व जिल्हा परिषदांच्या कामावर देखरेख, महसुली अपिले, टंचाई आणि अतिवृष्टीच्या मदतीचे नियोजन, पदवीधर व शिक्षक मतदारसंघांची निवडणूक ही त्यांची मुख्य कामे.

निजामी अमलात औरंगाबादच्या सुभ्यावर सुभेदार असे आणि जिल्ह्याच्या प्रमुखाला अव्वल तालुकदार म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा जिल्हे पाचच होते. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले.

या खुर्चीपर्यंत येण्याच्या वाटा दोन. थेट भारतीय प्रशासकीय सेवेत निवड झालेला अधिकारी मसुरीचे प्रशिक्षण आणि परिविक्षा संपवून प्रांत होतो, पुढे जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी, मग जिल्हाधिकारी. दुसरा उपजिल्हाधिकारी म्हणून राज्य सेवेत लागतो, निवासी उपजिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी अशा पायऱ्या चढतो आणि निवड होऊन भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल होतो. पहिल्याला मंत्रालयाची नस लवकर कळते, दुसऱ्याने तलाठ्याचे दप्तर आतून पाहिलेले असते. मराठवाड्यात दुसऱ्या प्रकारचे ज्ञान फार मोलाचे ठरते.

कारण इथली जमीन वेगळ्या कायद्यांखाली आहे. पुणे-नाशिककडे कुळांसाठी १९४८ चा मुंबईचा कायदा, तर इथे १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा. इनामांसाठी १९५४ चा वेगळा. एखाद्या मदतमाश, म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेल्या, इनामाच्या वादात आजही सातबाऱ्यावर भागत नाही. पन्नासच्या दशकातले खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा जुना कागद, काढावे लागते, त्यामागचे उर्दू कागद वाचणारा शोधावा लागतो, आणि फेरफार कोणत्या आदेशाने झाला हे पाहता पाहता तारखा निघून जातात. पक्षकारांची दुसरी-तिसरी पिढी बाकावर बसलेली असते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा या जुन्या दप्तरांचे महत्त्व साऱ्या राज्याला कळले.

दुसरी कसोटी पाण्याची. टँकरसाठी आधी ग्रामपंचायतीचा ठराव, मग तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी, मग मंजुरी. उन्हाळ्यात गावोगावच्या टँकरचे आणि अधिग्रहित विहिरींचे आकडे जिल्ह्यांकडून आयुक्तालयात जमा होतात. ठरावापासून पहिल्या खेपेपर्यंत किती दिवस जातात, यावर अधिकाऱ्याची खरी परीक्षा होते, आढावा बैठकीतल्या सादरीकरणावर नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. इथे काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याने ते वर्ष विसरू नये.

आपत्तीने कारकीर्द कशी घडते याचे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा प्रवीण परदेशी लातूरचे जिल्हाधिकारी होते. मदत आणि पुनर्वसनाच्या कामातून त्यांचे नाव राज्यभर झाले, पुढे २०१९ मध्ये ते मुंबई महापालिकेचे आयुक्त झाले. सुनील केंद्रेकर बीडचे जिल्हाधिकारी असताना त्यांच्या बदलीविरुद्ध २०१३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि बीड बंद राहिले. तेच पुढे मराठवाड्याचे विभागीय आयुक्त झाले आणि २०२३ मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. अधिकाऱ्याची बदली रद्द व्हावी म्हणून बाजारपेठ बंद राहते, याहून मोठा कामगिरीचा गोपनीय अहवाल कोणता?

बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात एका पदावर साधारण तीन वर्षे धरली आहेत. प्रत्यक्षात अनेकांना तेवढी मिळत नाहीत, आणि जमिनीची प्रकरणे समजू लागतात तोच चार्ज द्यायची वेळ येते. हे मराठवाड्याचे मोठे नुकसान आहे.

विभागाचा पसारा हीही अडचणच. किनवटच्या माणसाला अपिलाच्या तारखेसाठी संभाजीनगर गाठायचे तर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. म्हणून दुसऱ्या आयुक्तालयाची मागणी जुनी आहे. ते नांदेडला असावे की लातूरला, यावरच ती अडून राहिली आहे.