‘आठ रिश्टरपर्यंत सुरक्षित’ म्हणजे नेमके काय?

नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ‘आमची इमारत आठ रिश्टरचा भूकंप सहन करील’ अशी ग्वाही हल्ली सर्रास दिली जाते. स्थापत्य अभियंत्याच्या दृष्टीने या वाक्याला अर्थ नाही. रिश्टर किंवा त्यासारखे परिमाण भूगर्भात मोकळ्या झालेल्या ऊर्जेचे असते. इमारतीला जाणवते ते तिच्या पायाखालच्या जमिनीचे त्वरण. 1993 साली किल्लारीत सुमारे 6.2 परिमाणाच्या भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंतींची, जड धाब्याची घरे जमीनदोस्त झाली, कारण हादऱ्यात उद्भवणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि मातीत रचलेल्या दगडांना एकमेकांची पकड नव्हती.

भूकंपरोधक संकल्पनाच्या, म्हणजे इमारतीची ताकद ठरवण्याच्या गणिताच्या, भारतीय मानक क्रमांक 1893 च्या 2016 मधील आवृत्तीत हे बल इमारतीच्या वजनाच्या टक्केवारीत काढले आहे. या आवृत्तीनुसार पुणे आणि मुंबई तिसऱ्या भूकंप क्षेत्रात येतात आणि त्यांचा क्षेत्र गुणांक, म्हणजे त्या क्षेत्रासाठी धरलेल्या हादऱ्याच्या तीव्रतेचा आकडा, 0.16 आहे. कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात असल्याने तेथे तो 0.24 होतो. संकल्पनासाठी या गुणांकाचा निम्मा भाग धरतात. रुग्णालयासारख्या, भूकंपानंतरही चालू राहिलेच पाहिजे अशा वास्तूसाठी बल दीडपट घेतात.

खरी गंमत आवर्तनकालात आहे. प्रत्येक इमारत एकदा डावीकडून उजवीकडे जाऊन परत येण्यास ठरावीक वेळ घेते. भिंतींचा ताठरपणा बाजूला ठेवल्यास, मानकातील सूत्रानुसार 9 मीटर उंचीच्या काँक्रीट सांगाड्याचा हा काळ सुमारे 0.39 सेकंद, तर 45 मीटर उंचीच्या सांगाड्याचा सुमारे 1.3 सेकंद येतो. जमिनीच्या हादऱ्यांचा काळ याच्याशी जुळला की प्रत्येक धक्क्यागणिक डोलणे वाढत जाते. त्यामुळे मानकातील आलेखात बुटक्या इमारतीचा प्रतिसाद जमिनीच्या त्वरणाच्या 2.5 पट धरला आहे, 1.3 सेकंदाच्या इमारतीसाठी तो खडकावर सुमारे 0.77 पट, पण मऊ मातीवर सुमारे 1.28 पट भरतो. सूत्र बदलत नाही, पायाखालची माती बदलते. 1985 च्या भूकंपाचे केंद्र मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते, तरीही जुन्या तलावाच्या गाळावर वसलेल्या भागात दोन सेकंदांच्या आसपासचे हेलकावे प्रचंड वाढले आणि सर्वाधिक फटका मध्यम उंचीच्या इमारतींना बसला. मुख्य दरवाजाची दिशा बदलून भूकंपाचे भय दूर करणाऱ्या वास्तुतज्ज्ञांच्या कोष्टकात या आवर्तनकालाला कोठेच जागा नाही.

आता 9 मीटरच्या पुण्यातील इमारतीचे गणित करू: 0.16 चा निम्मा 0.08, गुणिले 2.5 म्हणजे वजनाच्या 20 टक्के बल. मानक मात्र त्याला पाचने भागून केवळ 4 टक्क्यांसाठी संकल्पन करू देते. ही सवलत फुकट मिळत नाही. इमारत मोठ्या भूकंपात तडकेल, तिच्यातील सळ्या ताणल्या जातील आणि त्या ताणण्यातच ऊर्जा खर्ची पडेल, पण ती कोसळणार नाही, असे त्यात गृहीत आहे. हे गृहीतक खरे ठरण्यासाठी सळ्यांच्या रचनेच्या मानक क्रमांक 13920 प्रमाणे कॉलमच्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांची टोके 135 अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवावी लागतात आणि बीम-कॉलमच्या सांध्यातही रिंगा घालाव्या लागतात. सळ्या बांधणाऱ्या फिटरला सांध्यात हात घालणे जिकिरीचे वाटते, म्हणून नेमक्या तेथल्याच रिंगा गाळल्या जातात. 90 अंशांचे टोक बाहेरचे आवरण निखळताच उघडते. असे तन्य, म्हणजे न तुटता ताणले जाण्याची क्षमता देणारे, तपशील न पाळलेल्या साध्या सांगाड्याला भागाकार पाचऐवजी तीननेच करावा लागतो आणि बल 6.7 टक्क्यांवर जाते. 2016 च्या आवृत्तीत तर तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या क्षेत्रांत, म्हणजे पुण्यातही, तसला सांगाडा मान्यच नाही.

म्हणून घर घेताना रिश्टरचा आकडा विचारण्याऐवजी संरचनेच्या नकाशावरील टीप पाहावी. क्षेत्र गुणांक, मातीचा प्रकार आणि कोणत्या भाजकाने बल कमी केले आहे, हे तीन तपशील तेथे असायला हवेत. भाजक पाच असेल, तर सांध्यातील रिंगांची छायाचित्रे काँक्रीट ओतण्यापूर्वी काढून ठेवली आहेत का, हा पुढचा प्रश्न.