फिरवलेल्या कबुलीजबाबामागचा इतिहास

खटला उभा राहतो आणि आरोपी न्यायाधीशांना सांगतो, "हा जबाब माझ्याकडून मारहाण करून घेतलाय." बातमीत येतं, आरोपीने जबाब फिरवला. मग त्या जबाबाचं न्यायालय करतं काय?

आपल्या कायद्याचा कबुलीवरचा अविश्वास जुना आहे. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या यातना चौकशी आयोगाचा अहवाल आला. सारावसुलीसाठी आणि गुन्हा वदवून घेण्यासाठी रयतेचे कसे हाल होत, ते त्यात नोंदलेलं आहे. बोटं लाकडी चापात दाबायची, त्याला 'किट्टी' म्हणत. माणसाला वाकवून दोरीने तसाच जखडून ठेवायचा. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढची कबुली पुराव्यातून वगळली. १८७२ च्या पुरावा कायद्यात तीच तरतूद कलम २५ आणि २६ म्हणून आली. कलम २७ ने एक वाट मोकळी ठेवली: आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार किंवा मुद्देमाल सापडला, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग चालतो. मेमोरँडम पंचनामा, म्हणजे आरोपीचं हे सांगणं पंचांसमोर लिहून घेणं, होतो तो यासाठीच.

राहिला मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब. तो नोंदवण्याआधी आरोपीला विचार करायला साधारणपणे निदान २४ तास द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सरवणसिंग खटल्यात म्हटलं. कोठडीतून थेट आणलेल्या माणसाच्या मनातली पोलिसांची धास्ती ओसरायला हवी ना! असा जबाबही पुढे फिरवला तर? प्यारेलाल भार्गव खटल्यात १९६२ मध्ये उत्तर मिळालं. जबाब स्वेच्छेने दिलेला आणि खरा असल्याची खात्री पटली, तर फिरवल्यानंतरही तो शिक्षेचा आधार होऊ शकतो. पण इतर पुराव्याची पुष्टी नसेल, तर न्यायालयाने त्यावर विसंबू नये. हा कायद्याचा सक्त नियम नाही, सावधगिरीचा आहे. म्हणजे सगळी मदार न्यायाधीशावर.

टाडा या दहशतवादविरोधी कायद्याने आणि नंतर १९९९ च्या मोक्का या महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली. टाडाची ही तरतूद १९९४ मध्ये करतारसिंग खटल्यात टिकली, पण पाचपैकी दोन न्यायमूर्ती विरोधात होते. त्या दोघांचा विरोध मला आजही रास्त वाटतो. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. या खटल्यातले मोक्काखालचे कबुलीजबाब आरोपींनी फिरवले होते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते नाकारले. वेगवेगळ्या जबाबांतला काही मजकूर जसाच्या तसा सारखा निघाला होता, छळाच्या तक्रारींतही न्यायालयाला तथ्य वाटलं. बाराही जण निर्दोष ठरले. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडलं नाही.

पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही पोलिसांपुढच्या कबुलीवरची जुनी बंदी कायम आहे, आता कलम २३ मध्ये.