श्रवण-वाचा शिक्षण (कोकण)

श्रवण-वाचा शिक्षण (कोकण) : कर्णबधिर मुलाला श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणसाधन) यांच्या मदतीने आधी ऐकायला आणि त्या ऐकण्यातून बोलायला शिकवण्याची पद्धत.

किनारपट्टीवरील आरंभ बहुधा मुंबईतील माझगावच्या शाळेपासून धरतात. बिशप लिओ म्यूरिन यांनी स्थापलेली ही शाळा सामान्यतः भारतातील बधिर मुलांची पहिली शाळा मानली जाते. स्थापनावर्ष काही ठिकाणी १८८३ किंवा १८८४, तर बहुतेक ठिकाणी १८८५ आढळते. संकल्प व प्रत्यक्ष वर्ग यांतील अंतरामुळे ही तफावत पडली असावी. बधिरांच्या शिक्षणावरील १८८० च्या मिलान परिषदेने खुणांच्या भाषेपेक्षा मौखिक पद्धतीला प्राधान्य दिले होते. शाळा त्यानंतर लगेचची, म्हणून श्रवण-वाचा शिक्षणाचे मूळही तिथेच दाखवावेसे वाटते. पण ते पटण्याजोगे नाही. त्या काळचे मौखिक शिक्षण ओठ पाहणे आणि गळ्यावर बोटे ठेवून कंप जाणणे यांवर उभे होते. उरलेल्या श्रवणशक्तीलाच वळण लावण्याचा विचार व्हिएन्नाच्या व्हिक्टर उर्बान्चिच यांनी १८९० च्या दशकात मांडला, आणि अंगावर वागवता येणारी यंत्रे आल्यावरच तो घरोघर पोहोचू शकला. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच विषयावरील २०१० च्या व्हँकुव्हर परिषदेने खेद व्यक्त केला. तेव्हा ही पद्धत खुणांच्या भाषेविरुद्ध उभी करण्याचे कारण उरलेले नाही. वांद्रे येथे १९८३ मध्ये कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली.

यंत्र बसवले की मूल बोलू लागते, हा समज मुलाची मोलाची वर्षे वाया घालवतो. यंत्र नीट चालते का, हे रोज सकाळी कर्णबधिरांच्या शिक्षणाचे तज्ज्ञ डॅनियल लिंग यांच्या चाचणीने पाहतात : ऊ, आ, ई, श, स हे मूळचे पाच ध्वनी आणि नंतर जोडलेला म. तोंड न दाखवता, अंतर बदलत ते उच्चारायचे. बाळ मान वळवते, मोठे मूल डब्यात ठोकळा टाकते किंवा तोच ध्वनी म्हणून दाखवते. म सर्वांत खालच्या पट्टीत, स सर्वांत वरच्या. मराठीत स निसटला, तर ‘आला’ आणि ‘आलास’ यांतला फरकच मुलाच्या हाती लागत नाही.

कोकणात पावसाळा यंत्रांना जड जातो. ओलीमुळे नळीत पाण्याचे थेंब साठतात, बॅटरीची टोके गंजतात. म्हणून रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवतात. मूल वाढते तसा कानातला साचाही बदलावा लागतो.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी समाविष्ट आहे. जन्मानंतर पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत प्रशिक्षण, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

सिंधुदुर्गात भाषेचा प्रश्न विशेष आहे. घरी ‘माका’, ‘खंय’, ‘बांगडो’ ऐकणाऱ्या मुलाला प्रशिक्षणात ‘मला’, ‘कुठे’, ‘बांगडा’ ऐकवला, तर त्याच्या थोड्याशा श्रवणानुभवाचे दोन तुकडे होतात. पहिली भाषा घरचीच धरावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते : आई, आजी आणि शेजारी दिवसभर मालवणीच बोलतात, आणि ऐकण्याचा खरा सराव त्या तासांत होतो. प्रमाण मराठी शाळेत गेल्यावर शिकवता येते.