आधी इन्व्हर्टर, मग खुर्ची : खान्देशातील घरच्या कार्यालयाची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर अभियंत्याने घरून काम करण्यासाठी काय काय घ्यावे, याच्या याद्या सहसा खुर्चीपासून सुरू होतात आणि दुसरा मॉनिटर, मेकॅनिकल कीबोर्ड, हेडफोन अशा पुढे सरकतात. वीज आणि इंटरनेट त्यांत गृहीत धरलेले असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मात्र ही सामग्री वेगळ्याच क्रमाने जमत गेली, आणि तो क्रम समजून घ्यायचा तर संगणकाइतकाच इथल्या भारनियमनाचा आणि उन्हाळ्याचा मागोवा घ्यावा लागतो.

मूळ कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. नोकरदाराने रोज कचेरीत जाण्याऐवजी काम दूरसंचाराच्या मार्गाने त्याच्या घरी यावे, हा विचार अमेरिकेत जॅक निलेस यांनी १९७३ मध्ये मांडला आणि त्याच वर्षीच्या तेलसंकटाने त्याला वजन आले. भारतात कॉल सेंटर आणि बीपीओ (इतर कंपन्यांची कामे कंत्राटाने करणाऱ्या कंपन्या) यांच्या घरून कामावर दूरसंचार विभागाच्या नोंदणीच्या व बँक हमीच्या अटी होत्या. त्या मार्च २०२० मध्ये तात्पुरत्या सैल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी बहुतांशी निघून गेल्या.

खान्देशात अभियंत्यांची वानवा नव्हती. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केल्यानंतर बांभोरी, फैजपूर, धुळे आणि पुढे शिरपूर येथे महाविद्यालये उभी राहिली. पदवी इथे आणि नोकरी हिंजवडीत, हा रिवाज पडल्यामुळे गावच्या घरात कामाची खोली करण्याची वेळ फारशी कोणावर आली नाही.

कीबोर्ड मात्र संगणकाच्या कितीतरी आधी तालुक्याच्या गावी पोचला होता. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि टायपिंग क्लासमध्ये शासकीय परीक्षेसाठी मिनिटाला ३० व ४० शब्दांचा वेग बसवणाऱ्या दोन-तीन पिढ्या घडल्या. या क्लासमधले टेबल लिहिण्याच्या टेबलापेक्षा बुटके असे, कारण यंत्राचा कळफलक त्यावर बराच वर येतो. घरातले सागवानी टेबल सुताराने वहीवर लिहिण्यासाठी सुमारे ३० इंच उंचीचे केलेले असते. त्यावर लॅपटॉप ठेवून दिवसभर टाइप केले की खांदे उचललेले राहतात आणि पडदा खाली असल्याने मानही झुकते. मागवलेल्या महागड्या खुर्चीने हे दुखणे जात नाही. टेबलाचे पाय दोन-तीन इंच कापणे, स्वतंत्र कीबोर्ड जोडणे आणि लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवणे हा स्वस्त उपाय आहे, आणि माझ्या मते तोच आधी करावा.

खरी कहाणी विजेची आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात मागणी आणि पुरवठा यांतली तफावत इतकी वाढली की महावितरणने वीजगळती आणि वसुली पाहून फीडरची (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांची) गटवारी केली आणि त्यानुसार भारनियमनाचे तास ठरवले. दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र भुसावळजवळच असताना आसपासच्या गावांनी अंधार सोसला, ही त्या काळातली नेहमीची कुरकूर होती. इन्व्हर्टर घरोघर आला तो पंखा आणि दिवा यांच्यासाठी. संगणकाने नंतर त्यावर हक्क सांगितला. डेस्कटॉपचा अंतर्गत वीजपुरवठा साधारण १५ ते २० मिलिसेकंदांचा खंड पचवतो, तर साध्या स्थितीतला इन्व्हर्टर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. म्हणूनच अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ स्थितीचे, म्हणजे बॅटरीवर झटपट येण्याचे, छोटे बटण असते. ते कधी दाबलेच न गेल्यामुळे संगणक दर वेळी बंद पडतो आणि दोष बॅटरीला लागतो, असे बऱ्याच घरांत घडते.

१२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. ती पूर्ण रिकामी करायची नाही आणि वाटेत होणारी घटही धरायची, म्हणजे हाती दोन-तृतीयांशाच्या आसपासच उरते. लॅपटॉप, मॉनिटर आणि राउटर मिळून १०० वॅटच्या आत बसतात, तेव्हा तेवढ्यावर अर्धा-अधिक दिवस निघतो. कुलर जोडला की हा हिशेब कोसळतो. शिवाय लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपल्याड जातो, त्यामुळे बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायची की जिन्याखालच्या सावलीत, हा प्रश्न मॉनिटर किती इंची घ्यावा यापेक्षा मोठा ठरतो.

कुलरचा त्रास ऑनलाइन बैठकीतही होतो. त्यातल्या त्यात बरे हे की त्याची घरघर एकसुरी असते, आणि एकसुरी आवाज ओळखून वजा करणे आवाज गाळणाऱ्या सॉफ्टवेअरला सोपे जाते. कुकरची शिट्टी अचानक येते, तिथे त्याची तारांबळ उडते.

इंटरनेटची वाटचाल त्या मानाने सरळ झाली. बीएसएनएलचे ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये सुरू झाले, जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आले आणि मग केबलवाल्यांनीच फायबर घरात आणून दिले. जुन्या लँडलाइनला एक्सचेंजमधूनच वीज मिळे, म्हणून लाइट गेली तरी फोन चाले. फायबरच्या घरातल्या डबीला वीज लागते, आणि केबलवाल्याच्या टोकाला बॅकअप नसेल तर आपला इन्व्हर्टर असून नसल्यासारखा.

सॉफ्टवेअरची निवडही याच कसोटीवर झालेली दिसते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या, २००० मध्ये सुरू झालेल्या सबव्हर्जन या प्रणालीत केलेला बदल नोंदवायला सर्व्हरशी जोडणी लागे. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये त्याच कामाचे गिट लिहायला घेतले ते बिटकीपर या तशाच सॉफ्टवेअरचा मोफत वापर बंद झाल्यामुळे, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर (कर्नल) काम करणाऱ्या, जगभर विखुरलेल्या विकासकांसाठी. गिटमध्ये प्रकल्पाचा सगळा इतिहास आपल्याच यंत्रावर असतो. लाइन गेली तरी नोंदी करत राहावे आणि ती आल्यावर पाठवून द्याव्यात. खेड्यातल्या अभियंत्याला हे वरदान ठरले, जरी ते त्याच्यासाठी रचलेले नव्हते. उलट सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवण्याच्या ॲजाइल पद्धतीच्या फेब्रुवारी २००१ च्या जाहीरनाम्याच्या तत्त्वांत समोरासमोरचा संवाद सर्वांत परिणामकारक मानला आहे. तीच पद्धत पुढे जिरा (कामांची नोंद), स्लॅक (संदेश) आणि झूम यांच्या आधाराने दूरवरून राबवली गेली, आणि त्यातली रोजची सकाळची व्हिडिओ बैठक तुटक जोडणी मुळीच सहन करत नाही. यावर दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलचे हॉटस्पॉट तयार ठेवणे हा खान्देशातला रूढ तोडगा आहे.

२०२३ पासून अनेक कंपन्यांनी पुन्हा कचेरीत बोलावले, तरी आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारे पुष्कळ उरले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि खान्देशात उन्हाला तोटा नसल्याने गच्च्यांवर पॅनेल चढू लागली आहेत. मात्र ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) जोडलेली बॅटरीविरहित सौर यंत्रणा वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होते, त्यामुळे पॅनेल बसवलेल्या घरांतही जिन्याखालची बॅटरी हललेली नाही.