समुदायाधारित युवा मानसिक आधार

किशोरवयीन आणि तरुण मुलामुलींच्या मनाची काळजी रुग्णालयापुरती न ठेवता ती जिथे रोज वावरतात तिथे, म्हणजे शाळा-महाविद्यालयात, वस्तीत, मैदानावर, युवक मंडळात नेण्याची पद्धत. यात आधार देणारे बहुतेक जण डॉक्टर नसतात. थोडे प्रशिक्षण घेतलेले शेजारी, वडीलधारे किंवा बरोबरीचे मित्रमैत्रिणीच हे काम करतात. मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी असतो आणि गरज पडली की पुढे येतो.

बहुतेक मानसिक आजार लहान वयातच डोके वर काढतात. अमेरिकेतील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार, आयुष्यभरात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे १४व्या वर्षापर्यंत, तर तीन-चतुर्थांश २४व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयोगटातील दर सातांपैकी एकाला असा त्रास असतो. उपचारव्यवस्था मात्र अनेक देशांत १८व्या वर्षी दुभंगते: मुलांचा विभाग सुटतो, मोठ्यांच्या विभागात नव्याने नाव घालावे लागते, आणि मदतीची सर्वाधिक गरज असतानाच ओळखीचा डॉक्टर हातचा जातो. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेल्या ‘हेडस्पेस’ केंद्रांनी म्हणूनच १२ ते २५ हा सलग वयोगट धरला. मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी यांचा त्यामागे मोठा वाटा होता. तिथे मनाच्या तक्रारींबरोबर शरीराच्या तक्रारी, व्यसन, शिक्षण आणि नोकरी यांसाठीही मदत मिळते. त्यामुळे दारातून आत जाणारा कशासाठी आला आहे, हे बाहेरून कुणाला कळत नाही. ही लहानशी सोय लाजेपोटी मागे फिरणाऱ्या मुलासाठी फार मोलाची ठरते.

या क्षेत्रात तग धरण्याच्या क्षमतेविषयी सतत बोलले जाते, आणि बरेचदा चुकीच्या अर्थाने. मुलांना ‘खंबीर बना’ असे सांगितले की सगळा भार पुन्हा त्यांच्याच डोक्यावर येतो. संशोधन सांगते ते वेगळे आहे. हवाईमधील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला. गरिबी, घरातला कलह, आईवडिलांचे व्यसन किंवा आजारपण अशी अनेक संकटे एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कर्ती माणसे झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे मायेने पाठीशी उभे राहिलेले किमान एक माणूस: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. तग धरण्याची ताकद मुलाच्या स्वभावात असते, तितकीच त्याच्याभोवतीच्या माणसांतही असते. समुदायाधारित कामाचा पाया हाच आहे.

मग हे माणूस कोण असावे? इथे दोन प्रयोग फार बोलके आहेत. बिहारमधील शाळांत राबवलेल्या ‘सेहेर’ या विद्यार्थी-आरोग्य कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तोच कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी चालवला, तर काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांतले वातावरण स्पष्टपणे सुधारले. शिक्षकांच्या शाळांत फरक दिसला नाही. दुसरा प्रयोग आत्महत्या टाळण्यासाठीचा, युरोपातील १० देशांच्या १६८ शाळांतला, ११,११० विद्यार्थ्यांचा. निष्कर्ष २०१५ सालचे. शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवून किंवा तज्ज्ञांकडून मुलांची चाचणी करवून म्हणावा तसा फरक पडला नाही. ज्या वर्गांत मुलांनीच नाट्यछटा करून, आपापसांत बोलून सुमारे पाच तास मनाच्या आरोग्यावर घालवले, तिथे वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न आणि तीव्र विचार लक्षणीयरीत्या कमी आढळले. यात शिक्षकांना दोष देण्यासारखे काही नाही. गुण देणाऱ्या आणि शिस्त लावणाऱ्या माणसापाशी मन मोकळे करणे मुलाला जड जाते, एवढाच याचा अर्थ दिसतो.

प्रशिक्षणात मुख्य भर ऐकण्यावर असतो. मध्येच उपदेश करायचा नाही, ‘एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलास’ म्हणायचे नाही. आपले बोलणे गुप्त राहील, पण जिवाला धोका वाटला तर दुसऱ्याला सांगावे लागेल, हे आधीच स्पष्ट करायचे. आणि शंका आली तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट विचारायचे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.

प्रत्येक सामूहिक उपक्रम लागू पडतोच असे नाही. ब्रिटनमधील ८५ शाळांत सरसकट सगळ्या वर्गाला सजगतेचे (माइंडफुलनेस, म्हणजे मन चालू क्षणावर ठेवण्याचे) धडे देऊन पाहिले. २०२२ साली आलेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या तासांपेक्षा त्यांचा अधिक उपयोग झाला नव्हता. शिवाय भास, तीव्र नैराश्य किंवा खाण्याचे विकार यांत तज्ज्ञाकडे पाठवण्याची वाट तयार नसेल, तर स्वयंसेवकावर न पेलणारे ओझे पडते.

या पद्धतीचे सर्वाधिक चर्चेतले उदाहरण झिम्बाब्वेचे आहे. मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण स्त्रीने आत्महत्या केली; बसभाड्याला पैसे नसल्याने ती त्यांच्याकडे येऊ शकली नव्हती. त्यानंतर २००६ साली हरारेच्या म्बारे वस्तीत त्यांनी दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाक टाकले आणि वस्तीतल्याच आज्यांना प्रशिक्षण देऊन त्यांवर बसवले. ‘नैराश्य’ हा शब्द तिथे चालला नाही. शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, हा शब्द लोकांना आपला वाटला. आजी आधी सगळ्या अडचणी बोलून घेते, मग त्यांतली एकच निवडायला सांगते आणि पुढच्या भेटीपर्यंत करता येईल असे एक पाऊल ठरवून देते. ५७३ जणांवरील चाचणीत, नेहमीच्या उपचारांपेक्षा सहा महिन्यांनी लक्षणे बरीच कमी झालेली आढळली (२०१६). सहभागी झालेले प्रौढ होते, पण पद्धत तरुणांच्या कामालाही दिशा देणारी ठरली. बाकावरच्या भेटी झाल्या की ही माणसे ‘कुबाताना तोसे’ नावाच्या गटांत एकत्र येतात आणि टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या विणता विणता एकमेकांशी बोलत राहतात.