समुद्रफुलाला जागा आवडेपर्यंत

गोदावरीचा उगम अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे नाशिककराला समुद्र हवा असेल तर तो घाट चढवून आणावा लागतो. आमच्याकडे तो पंचवटी एक्स्प्रेसने आला. थर्माकोलच्या डब्यात पिशवी, पिशवीत खारं पाणी आणि तळाशी जर्दाळूसारखा आक्रसलेला तपकिरी गोळा. आईने डोकावून विचारलं, "हे फूल?"

समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, हा प्राणी आहे. पोवळी आणि जेलीफिश यांचा भाऊबंद. हाडं नाहीत, मेंदू नाही, खायचं आणि टाकायचं तोंड एकच. अंग ताठ राहतं ते आत भरून घेतलेल्या पाण्यावर. पाणी सोडलं की उरतो तो गोळा. हे माहीत नसलेले लोक पहिल्याच रात्री 'मेलं' म्हणून टाकून देतात.

त्याला घरच्या काचेच्या टँकमध्ये आणताना सगळी गोम आहे ती मिठाची. माशाला मूत्रपिंडं आणि कल्ले असतात. बाहेरचं पाणी थोडं कमीजास्त खारट झालं तरी तो आतला हिशोब सांभाळतो. समुद्रफुलाकडे अशी काहीच सोय नाही. बाहेर जेवढा खारटपणा, तेवढाच आत. तो एकदम बदलला तर पेशी फुगतात किंवा आकसतात. म्हणून पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की पाणी आणि प्राणी बादलीत घ्यायचे आणि टँकमधून बारीक नळीने थेंबथेंब पाणी सोडायचं. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र असतं ना, तसंच. फक्त जरा भरभर, सेकंदाला दोन-तीन थेंब. तास-दीड तासात बादलीतलं पाणी दुप्पट-तिप्पट होतं.

अभिषेकपात्राची कल्पना घ्यायची, पात्र मात्र नाही. ते तांब्याचं असतं आणि बिनकण्याच्या समुद्री प्राण्यांना तांबं अगदी थोडं असलं तरी विषासारखं लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावात हे सांगायलाच हवं. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं. ते वाळूत आणि दगडांत मुरतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. म्हणून जुना टँक विकत घेताना आधी काय औषधं घातली होती ते विचारावं.

थेंबथेंब बरं, म्हणून रात्रभर लावून ठेवू नये. बंद पिशवीत प्राण्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि मलमूत्रातला अमोनिया त्यामुळे बऱ्यापैकी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतो. चार तासांच्या प्रवासाला याची फार भीती नाही. पण दोन दिवस कुरिअरमध्ये फिरून आलेल्या पिशवीला मी एवढा वेळ देणार नाही. खारटपणा मोजायचा, फरक थोडाच असला तर पटकन हलवायचं.

टँक मात्र जुना हवा, निदान सहा महिन्यांचा. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडावाळूत नीट वसायला वेळ लागतो. पाणी आरओचं, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ, सापेक्ष घनता १.०२५, तापमान २५ ते २७ अंश. नाशकात हा आकडा दोन्हीकडून सुटतो. जानेवारीत हीटर लागतो आणि एप्रिल-मेमध्ये पंखा. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, टँकचं मिठागर होऊ लागतं. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, खारं नव्हे. मी पहिल्या उन्हाळ्यात नेमकं उलट केलं होतं.

आता ठेवायची वेळ. पंप बंद करून, हातमोजा घालून, त्याला दगडाच्या फटीपाशी हलकेच टेकवायचं. बोटाला ते चिकट लागतं. तो चिकटपणा नसून स्पर्शिकांमधल्या, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांमधल्या, डंखपेशींतून सुटणारे सूक्ष्म धागे असतात. याच कुळातल्या हायड्राची डंखपेशी सुमारे ७०० नॅनोसेकंदांत सुटते, असं २००६ साली मोजलं गेलं. सजीवांमधल्या सर्वात वेगवान हालचालींपैकी ही एक. बोटाची जाड कातडी वाचवते, डोळ्यांना तसं संरक्षण नसतं.

मग ते चालायला लागतं. तळव्यावर सरकत ते प्रवाह आणि उजेड तपासत फिरतं. अंगात एकपेशीय शेवाळं राहतात, ती उजेडात साखर बनवतात आणि घरमालकाला भाडं म्हणून देतात. फार उजेड नको, फार अंधारही नको. पहिले काही दिवस दिवा मंद ठेवावा. माझं पहिलं समुद्रफूल तिसऱ्या रात्री फिरत फिरत पंपाच्या तोंडाशी गेलं. सकाळी टँकमध्ये ताक केल्यासारखं पाणी होतं आणि त्यासोबत दोन मासेही गेले. आता पंपाला स्पंज लावल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही.

सर्वात मोह होतो तो त्याला उचलून 'चांगल्या' जागी ठेवण्याचा. तळवा ओढला की फाटतो आणि फाटलेला तळवा म्हणजे बहुतेक वेळा शेवट. खरेदी करतानाही तळवा आणि तोंड बघावं. तोंड मिटलेलं हवं. पांढरंशुभ्र समुद्रफूल सुंदर दिसतं, पण ते उपाशी असतं. शेवाळं निघून गेलेली असतात. भडक पिवळं असेल तर रंगवलेलं असण्याची शक्यता धरावी.

आठवडाभर खायला द्यायचं नाही. नंतर कोलंबीचा नखाएवढा तुकडा, आठवड्यातून एकदा. समुद्रफुलात राहणारा जोकर मासाही सावकाश आणावा, नाहीतर तो नव्या समुद्रफुलाला अंग घासून घासून बेजार करतो.

ही माणसापेक्षा फार अल्पजीवी जात आहे असंही नाही. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेलं 'ग्रॅनी' नावाचं समुद्रफूल काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगलं. अर्थात ती ओहोटीच्या खडकांवरची काटक जात, तिला शेवाळांची आणि दिव्यांची गरज नव्हती.

आमच्या दुसऱ्याने नऊ दिवस फिरून टँकच्या मागच्या बाजूची, भिंतीकडची फट निवडली. समोरून फक्त चार स्पर्शिकांची टोकं दिसायची. गेल्या रविवारी आम्ही टँकसमोरचा सोफा उचलून खिडकीकडे नेला. तिथून जरा वाकलं की पूर्ण दिसतं.